रविवारपर्यंत सांगा

ओव्हाळबाई म्हणाल्या, रविवारपर्यंत सांगा.
मोशीला मुलाकडं चालल्यात, अकरावा मजला,
तिथं लिफ्टमध्ये कोंबड्या चालत नाहीत.
चार कोंबड्या आणि एक बदक,
फुकट, खुराड्यासकट.
पण पाचही एकत्र. सुटे देणार नाही.

आज गुरुवार.

मी आजवर सांभाळलेले जीव:
एक तुळस. तीही तिसरी.

बोपोडीतल्या आमच्या घरामागं जागा आहे,
टेपनं मोजली, नऊ फूट बाय साडेपाच,
त्यात धुण्याचा दगड, फुटका कमोड
आणि मेहुण्याची स्कूटर, जी तो
येत्या दिवाळीला नेणार आहे
दोन हजार चौदापासून.

शालन म्हणाली, अंडी चार, गुंता चाळीस.
मग भांडी विसळता विसळता,
आणि अंडी द्यायची थांबल्यावर?
मी गप्प.
दर रविवारी अर्धा किलो आणतो आपण, काळ्या पिशवीतून.
पिशवीला नाव नसतं.
इथं नावं आहेत, बाईंनी न विचारता सांगितली:
मास्तरीण, तांबडी, दुसरी तांबडी,
आणि खुडूक, जी सध्या
एका गुळगुळीत दगडावर बसून आहे
अंडं समजून.
बदकाला नुसतंच बदक.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून
औंधच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो,
पुढं एक बोकड, मागं एक लॅब्रेडोर,
मध्ये मी, रिकाम्या हातांनी.
पेशंट कुठाय, डॉक्टरांनी विचारलं.
म्हटलं, अजून ठरायचाय.
ते हसले नाहीत. कागद ओढून लिहू लागले:
मानमोडीची लस, तूस, शिंपल्यांचा चुरा.
म्हणाले, खरी कटकट बदकाची,
ते पाणी सांडत राहणार आणि कोंबड्यांना ओल सोसत नाही.
एकाच खुराड्यात एकाला ओलं हवं, बाकीच्यांना कोरडं.
म्हटलं, तेवढा अनुभव आहे,
एकवीस वर्षांचा.

आजवर मुंगूस दिसलं
की दिवस चांगला जाणार, असं मी म्हणायचो,
ऑफिसात सांगायचोसुद्धा.
शनिवारी पहाटे दिसलं,
स्कूटरच्या मागून भिंतीलगत सरकत गेलं,
आणि माझ्या पोटात गोळा आला.
अजून एक पीसही घरात आलेलं नव्हतं.

संध्याकाळी बाईंच्या दारात उभा राहिलो.
हाका मारू नका, त्या म्हणाल्या,
उजेड उतरला की आपल्या पायांनी जातात.
गेल्या. मास्तरीण आधी, मग दोघी तांबड्या ढकलाढकली करत.
खुडूकला मात्र उचलून ठेवावी लागली,
तिनं बाईंच्या मनगटाला चोच मारली,
बाईंनी मनगट साडीला पुसलं, इतकंच.
बदक घमेल्यापाशी थांबलेलं.
डोकं बुडवून काढलं,
एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ.
नदी तिथून तीनशे पावलांवर, जलपर्णीखाली,
त्यानं ती पाहिलेली नाही.
त्याच्या हिशेबात जगातलं सगळं पाणी निळं असतं,
गोल, आणि त्याला दोन कड्या असतात.

मग तेही गेलं, सर्वांत शेवटी, डुलत,
जणू मागं कोणी राहिलं नाही ना
ते बघायचं काम त्याच्याकडंच असावं.

बाई वाकल्या. एक, दोन, तीन, चार,
आणि तू.
कडी लावली.
खडकीच्या फॅक्टरीत तीस वर्षं काडतुसं मोजलेली बाई
पाच जीव बोटांवर मोजत होती,
समोर दिसत असताना.
मोजायचं विसरू नका, म्हणाल्या.
बाकीचं येतं हळूहळू.

मी हो म्हटलं नाही.
एवढंच विचारलं,
जाळी अर्ध्या इंचाची घ्यायची की पाव?
पाव, त्या म्हणाल्या. अर्ध्यातून ते तोंड घालतं.
कोण ते, ते आम्ही दोघंही बोललो नाही.

घरी आलो तर शालन फोनवर,
आवाज चढलेला, भावाशी:
दिवाळी-बिवाळी काही नाही,
उद्या सकाळी टेम्पो घेऊन ये
आणि स्कूटर उचल.